चुलीच्या तोंडावरचं लिंपण

मंगळवार, ७ फेब्रुवारी

प्रोफेसर वेसकॉट नव्वदाव्या वर्षी मेला आणि मागे एकशे बारा खोकी ठेवून गेला. माणसानं जाताना दोन शर्ट आणि एक बरी आठवण ठेवावी. यानं उंदरांच्या लेंड्या ठेवल्या.

आजपासून दर मंगळवारी आणि गुरुवारी विद्यापीठाच्या तळघरात जायचं ठरलंय. तिथल्या कागदांची राखण बर्नीस नावाची पोर करते. तिची आजी आमच्या ओहो होंदो गावची, म्हणून नात्यात नसूनही मला तिओ, म्हणजे काका म्हणते. गेल्या महिन्यात ट्रकपाशी येऊन म्हणाली, "तिओ, फोटो हजार आहेत, नाव एकाच्याही मागे नाही. या भिंती ओळखणारं तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही." खरंच आहे ते. तो आर्किटेक्ट होता, पोरांना उन्हाची घरं शिकवायचा, पण माती त्यानं जन्मात मळली नाही. त्याची अकरा घरं या हातांनी उभी केली.

पहिल्या खोक्यातून काय निघालं? पाइपची राख, एका पाकिटात त्याची पडलेली दाढ, आणि कागदात गुंडाळलेलं सँडविच. त्यातलं मांस वाळून चामडं झालेलं. ते चिमटीत धरून वर केलं.

"हेपण जपायचं?" मी विचारलं.

"यादीत लिहायचं, मग टाकायचं."

"म्हणजे टाकल्याचीही यादी?"

"हो तिओ. आणि तुमचं डब्यातलं जेवण बाहेर. इथे अन्न आणायला बंदी आहे."

"माझ्या घेवड्याला बंदी आणि त्याच्या सँडविचला खोकं!"

हसली. जाताना ही वही दिली. घरी जे आठवेल ते लिहा म्हणाली. लिहितोय, पण तिला दाखवेन असं नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

आज माझ्या घराचे फोटो निघाले. अठरा मार्चला याच घरावर राज्याची माणसं पितळेची पाटी लावणार आहेत. मजकूरही ठरलाय: 'सूर्यावर चालणारं घर. इथे कधी चूल पेटली नाही.' प्रोफेसरच्या पुस्तकातलंच वाक्य. मला दोन शब्द बोलायचे आहेत. पंचेचाळीस वर्षं मी हेच सांगत आलो, आता ते पितळेत उतरणार. मेल्यावर माझ्या नावाचं दुसरं काय राहणार आहे?

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यापूर्वी बांधलं. दक्षिणेला काच, काचेमागे काळी रंगवलेली चौदा इंच मातीची भिंत. भिंतीनं दिवसा ऊन खायचं आणि रात्री घराला द्यायचं. प्रोफेसरला दहा इंच हवी होती. मी म्हटलं, दहा इंचांत कुत्रंही झोपणार नाही. दक्षिण मात्र त्यानंच धरायला शिकवली. होकायंत्र खिशात ठेव म्हणाला, काठी रोव, दुपारी तिची सावली सगळ्यात आखूड होते ती रेघ धर. हे त्याचं एक खरं.

वर्षभर आम्ही फुकट राहायचं, मग घर आमच्या नावावर, अट एकच. नोव्हेंबर ते मार्च आग नाही, स्वयंपाक तेवढा गॅसवर. माझ्या बायकोनं, दोमितिलानं, दिवसातून तीनदा उष्णमान लिहायचं, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, आणि प्रोफेसर शुक्रवारी येऊन कागद नेणार. कोपऱ्यातल्या शेकायच्या चुलीचं तोंड दोमितिलानंच विटांनी बुजवून वरून लिंपलं. आमच्याकडे भिंत पुरुषानं घालावी आणि लिंपण बाईनं करावं, पुरुषानं लिंपणाला हात लावला तर गाव हसतं. तिचा हात असा, की लिंपलेल्या जागी बोट फिरवलं तर लोण्यावरून फिरतंय वाटावं.

मी तेव्हा ग्रँट्सच्या खाणीत, आठ वर्षं होतो. सोमवारी पहाटे निघायचो आणि शनिवारी सकाळी परत यायचो. पहिल्या सोमवारी दारात उभा राहून तिला सांगितलं होतं, "या चुलीत काडी पडली तर मी या घरात पाऊल टाकणार नाही." तरणा होतो. आमची पोर फ्लोरिंदा तीन महिन्यांची होती.

दर शनिवारी घरात शिरलं की ओल्या मातीचा वास यायचा. बाई कामसू. पोर कडेवर आणि हात चिखलात.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

बर्फामुळे गेलो नाही. दोन स्वेटर घालून बसलोय. घर गरम आहे, थंडी वयाची असते. दोन वर्षांपूर्वी दोमितिला गेली त्या आठवड्यातही फ्लोरिंदा हेच म्हणत होती, आज परत फोनवर तेच. "पापा, ते घर गार आहे हो. आल्बुकर्कीला या माझ्याकडे."

"तुझ्या घराला भिंती कुठे आहेत? पुठ्ठे आहेत."

"पुठ्ठ्यात निदान हीटर आहे."

आईवर गेलीय. शेवटचा शब्द सोडत नाही.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

आज जे पाहिलं त्यानं अंगाचा तिळपापड झालाय.

खोकं एकेचाळीस. त्यात दोमितिलाचे तक्ते. तिचं अक्षर बघून क्षणभर बसूनच राहिलो. गोल, उभं, पोळपाटावर लाटल्यासारखं. मग दिसलं की तिच्या शाईवर पेन्सिल फिरलीय. पेन्सिल त्याची, सात आकडा मधे रेघ मारून काढायची खोड त्याचीच. एकोणीस जानेवारी, शेरा 'बर्फ', रात्री दहाला दोमितिलानं लिहिलंय एकाहत्तर अंश फॅरनहाइट. त्यावर काट मारून एकसष्ट. अशा अकरा जागा. सगळीकडे कमी केलेले आकडे.

वाढवले असते तर समजलो असतो. बढाईखोर होताच. पण कमी? म्हणजे माझ्या भिंतीनं एकाहत्तर दिले आणि यानं दहा चोरले! का, तर भिंत माझ्या हट्टानं चौदा इंची झाली होती. साहेबाचे दहा इंच चुकले हे जगाला कळायला नको. अडाणी गवंड्याची भिंत इतकी चांगली कशी?

बर्नीसला दाखवलं. "हे बघ! आणि या अकराही दिवसांचा शेरा काय? ढग, बर्फ, ढग, बर्फ. सूर्य नाही तरी एकाहत्तर! अशी भिंत बघितलीस कधी?"

तिनं तक्ता दिव्याखाली धरला. बोट फिरवत सगळ्या ओळी वाचल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही तिओ. अशी नाही बघितली."

"मग?"

"पाणी पिता का थोडं?"

पोरीलाही धक्का बसला असणार.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

आता तर शिसारी आली. हात तीनदा धुतले.

त्याच्या खिशातल्या डायऱ्या निघाल्या, पाइपच्या तंबाखूनं माखलेल्या. त्या हिवाळ्यातली मी उघडली. जशीच्या तशी उतरवून आणलीय:

'शुक्रवार. चुलीवरचं लिंपण पुन्हा ओलं. डी.चा हात फार सुंदर. काही बोललो नाही.'

डी. म्हणजे कोण ते सांगायला नको. नवरा जमिनीखाली दगड फोडतोय आणि हे वर त्याच्या बायकोचे हात न्याहाळतायत! काही बोललो नाही म्हणे. बोलला असता तर दोमितिलानं चिखलाचं थापटणं तोंडात घातलं असतं.

पुढच्या शुक्रवारी: 'बाळाच्या छातीत घरघर. खोकल्याचं औषध नेऊन दिलं. सी.ला सांगू नका म्हणाली.'

सी. म्हणजे मी, सेलेदोनियो. माझ्या पोरीची छाती आणि माझ्यापासून चोरी? दोमितिलानं असं म्हटलं असेल यावर माझा विश्वास नाही. स्वतःच्या मनाचं लिहिलंय.

आणि हे शेवटचं: 'शेजारच्या छपरात पिन्योनची लाकडं टाकून आलो. कुणासाठी ते कुठेही लिहायचं नाही.'

म्हणजे उन्हाची घरं शिकवणारा हा महात्मा कुठल्या तरी घरी चोरून लाकडं पुरवत होता! कुणी ठेवलेली असेल आमच्याच गल्लीत. दिवसा सूर्याचं पुराण, मागच्या दारानं पिन्योन. थू.

मंगळवार, ७ मार्च

बर्नीसला सांगून टाकलं. अठरा तारखेला मी उभा राहणार, दोमितिलाचा तक्ता हातात धरणार आणि खरे आकडे मोठ्यानं वाचणार. एकाहत्तर. अडुसष्ट. सत्तर. राज्याच्या माणसांसमोर, त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांसमोर.

ती खोकी लावत होती, थांबली. "तिओ, नका वाचू."

"का? तुझं विद्यापीठ लाजेल म्हणून?"

"विद्यापीठ चुलीत गेलं. तिथे उन्हाचं गणित येणारी वीस माणसं बसलेली असतील. ते तारखा बघतील. हवामान बघतील."

"बघू देत की! तेच तर हवंय."

"तिओ, त्या तक्त्यात तिया दोमितिलाचंही अक्षर आहे."

"म्हणूनच वाचणार. तिनं लिहिलेलं खरं होतं."

"खरंच होतं," ती म्हणाली, आणि डोळे पुसत खोक्यावर झाकण ठेवलं. धुळीनं तिचे डोळे सारखे पाणावतात. या तळघराची हवाच वाईट.

निघताना म्हणाली, "एकदा फ्लोरिंदाशी बोला." फ्लोरिंदाला काय कळतंय उष्णमानातलं? ती दातांच्या दवाखान्यात काम करते.

रविवार, १२ मार्च

हात अजून काळे आहेत. पान डागाळतंय, डागाळू दे.

पाटी चुलीच्या वरच्या बाजूला लागणार, म्हणून म्हटलं ती जागा नीट करावी. दोमितिला गेल्यापासून लिंपण झालेलं नाही, पापुद्रे सुटलेत. गावात लिंपणारी बाई आता एकही नाही. म्हटलं, हसतंय कोण, गावात आहेच कोण हसायला. माती चाळली, गव्हाचं काड कापून घातलं, भिजवलं. नवा थर द्यायचा तर जुना सुटलेला आधी खरवडावा लागतो. चुलीच्या तोंडाच्या कडेला खरवडणी लावली.

वरचे थर जाड होते, दरवर्षीचे. त्यांच्याखाली एक पातळ थर, आणि त्याच्याखाली काळी रेघ.

ओल असेल वाटलं. बोट लावलं. काजळी.

खरवडणी टाकून सुरी घेतली, हलक्या हातानं कापत गेलो. पिवळी माती, काळी रेघ. पिवळी, काळी. थरावर थर, कागदासारखे पातळ, आणि प्रत्येकावर तिच्या तळव्याचा तो गुळगुळीत फिरवलेला वळसा. लिंपणाला काजळी कधी धरते ते मला कुणी शिकवायला नको. आत जाळ झाला, धूर कडेनं सुटला, की धरते. मग कुणी तरी विटा परत लावल्या आणि काळं झाकायला वर नवा हात फिरवला. शुक्रवारच्या आत. शनिवारच्या आत.

अकरा रेघा मोजल्या. अकरावर थांबेल असं वाटलं होतं. मनात म्हणत होतो, अकरावर थांब.

चौतीसपर्यंत मोजल्या. मग मोजणं सोडलं.

विटा काढून हात आत घातला. धुराड्याची आतली बाजू कोपरापर्यंत काळी करून गेली. आणि मी लोकांना ही चूल दाखवायचो! जर्मनीहून आलेले, जपानहून आलेले, सगळ्यांना इथे उभं करून सांगायचो, हात लावून बघा, कुमारी आहे ही. दोमितिला मागे कॉफी घेऊन उभी असायची. एकदाही तिच्या चेहऱ्याकडे वळून बघितलं नाही.

सोमवार, १३ मार्च

फोन केला. फ्लोरिंदा म्हणाली, दवाखान्यात आहे, लवकर बोला.

"चुलीत आग पेटायची का गं?"

मागे कुणाचा तरी दात कोरायचं यंत्र चालू होतं.

"पापा, तुम्हाला आत्ता कळतंय?"

"तुला कधीपासून ठाऊक?"

"मी चार वर्षांची असेन. सोमवारी तुमचा ट्रक वळणापार गेला की ममा म्हणायची, चला, चुलीला उठवू या. आम्ही तिथेच गोधडी टाकून झोपायचो. पिन्योनचा वास आला की मला अजून झोप येते. शुक्रवारी ती लिंपायची, मी काड वेचून द्यायचे. बोलायचं नाही हा खेळ होता."

"म्हणजे दर आठवड्याला?"

"नाही हो. ढग आले की. ऊन असलं की तुमची भिंत छान चालायची. ममा तर तिला थापटायची, म्हणायची, बाई, तुझा दोष नाही."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

मी बाहीनं नाक पुसलं.

"पापा, रडू नका. इथे पेशंट आहेत." आणि मग तीच रडायला लागली.

गुरुवार, १६ मार्च

बर्नीसला फक्त हात दाखवले. नखांतलं काळं अजून निघत नाही. तिनं खुर्ची सरकवली.

डायरी परत मागून घेतली. तीच पानं, तीच तंबाखूची घाण. 'लिंपण पुन्हा ओलं. काही बोललो नाही.' ओलं लिंपण बघून तो तेव्हाच समजला होता. मी आठ हिवाळे दर शनिवारी तोच वास हुंगत होतो. लाकडंही आमच्याच चुलीसाठी शेजारी टाकली होती. आणि आकडे खाली ओढले ते एवढ्यासाठी, की गणित येणाऱ्या कुणाला संशय येऊ नये, आणि आमच्या डोक्यावरचं छप्पर जाऊ नये.

पण त्याला मी साधू करणार नाही. नंतर पुस्तक लिहिलं, त्यावर मोठा झाला, पोरांच्या पिढ्या त्या खोट्या आकड्यांवर शिकवल्या. बाळाचा खोकला झाकायला मारलेली पेन्सिल वेगळी आणि छापलेली ओळ वेगळी. त्याची अजूनही किळस येते. मात्र मी दोन आठवडे याच टेबलाशी बसून त्याच्या नावानं थुंकत होतो, माझ्या बायकोच्या हातावर त्याची नजर होती म्हणून! ते हात त्यानं निदान बघितले तरी. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. माझ्या घरची मी बुजवून ठेवली आणि वर त्याचीच फुशारकी मारली. एकशे बारा खोक्यांतल्या घाणीला एवढा वास नव्हता.

"वाचणार आहात का परवा?" बर्नीसनं विचारलं.

"तू केव्हा ओळखलंस?"

"तक्ता बघितला तेव्हाच. तीन दिवस ढग, आणि रात्री एकाहत्तर. भिंतीला हे जमत नाही, तिओ."

"मग सांगायचं नाहीस?"

"तुमची भिंत होती. मी कोण?"

सगळ्या बायका एकाच शाळेत शिकतात की काय!

शनिवार, १८ मार्च

सकाळी ढग होते. बरं झालं.

सात वाजता चुलीच्या विटा काढून अंगणात रचल्या. शेजारच्या छपराच्या मागच्या कोपऱ्यात जुनी पिन्योन अजून होती, वाळून हाडासारखी झालेली. कुणाची ते विचारायचं कारण उरलं नव्हतं. काड्या उभ्या ठेवल्या, आमच्या चुलीत लाकूड उभंच लावतात, आणि पेटवली. पहिल्यांदा धूर घरात आला, मग धुराड्यानं धरला.

दहा वाजता गाड्या आल्या. वळणावरूनच त्यांना धूर दिसला असणार. राज्याचा माणूस बुचकळ्यात पडलेला, पाटी छातीशी धरून दारात उभा. भला माणूस, नवे बूट चिखलात बुडालेले.

"सर, काही गडबड झाली का? आग..."

"मी लावलीय. आत या, गारठलात."

"पण पाटीवर तर..."

"ती परत न्या. खोटं लिहिलंय."

प्रोफेसरचे जुने विद्यार्थी, आता टकले झालेले, एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, "पण पुस्तकात..."

"पुस्तकातही खोटं आहे. बसा."

सगळं सांगितलं. तक्ता बर्नीसनं धरला, मी आकडे वाचले, खोडलेले आणि खोडल्याखालचे. चुलीच्या तोंडाची कापलेली कड दाखवली. एक जण गुडघ्यावर बसून रेघा मोजायला लागला, तर त्याला म्हटलं, चौतीसपर्यंत मी मोजल्यात, तू पुढे मोज. फ्लोरिंदा दाराला टेकून उभी होती. तिनं त्या माणसाला सांगितलं, "ऊन असलेल्या दिवसांचे सगळे आकडे खरे आहेत. दहातले नऊ दिवस. तेही लिहा. नाहीतर पापा मलाही या घरात पाऊल टाकू देणार नाहीत."

पोरीनं माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं. म्हणजे आईनं तेही सांगितलेलं.

"मग नवीन पाटीवर काय लिहायचं?" राज्याच्या माणसानं वही काढली.

मला पाटीचं सुचलं नाही. बर्नीसकडून माझ्या चुलीचा जुना फोटो मागून घेतला, ज्याच्या मागे नाव नव्हतं तो. माझं काम तेच होतं, ते केलं. मागे पेन्सिलनं लिहिलं: 'कोपऱ्यातली चूल. भिंत सेलेदोनियोची. लिंपण दोमितिलाचं. ढगाळ दिवशी पेटायची.' त्या माणसानं ते उतरवून घेतलं.

लोक घेवडा आणि मिरची खाऊन गेले. बर्नीस दोन ताटं जेवली. फ्लोरिंदा चुलीपाशी गोधडी टाकून भरदुपारी झोपली, पंचेचाळीस वर्षांची बाई, तोंड उघडं टाकून.

मी दोन्ही स्वेटर काढून खुंटीला लावले. मग दोमितिलाचं उष्णमापक पुसलं, त्याच खिळ्यावर टांगलं आणि थोड्या वेळानं बघितलं.

दुपारचे दोन. ढग. एकाहत्तर. चूल पेटलेली होती.